ळ काढताना

मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. 17 मार्च 2024 चा रविवार. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा होती, वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून 150 गुणांची. सकाळी 10 ते 5 मध्ये सवडीनं यायचं. गहू काढणीच्या दिवसांत सवड कुठली! सकाळी वर्गात मोजून चारजणी होत्या.

दीडच्या सुमाराला एक आजी आल्या. सत्तरीच्या असाव्यात. लुगड्याला गव्हाचं भूस चिकटलेलं. पाचवीतल्या नातीनं त्यांना शिकवलं होतं, ती खिडकीबाहेर उभी राहिली. आजी बाकावर बसल्या आणि पेन उचलण्याआधी त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती. रेशनच्या यंत्रावर त्यांचा अंगठा जुळत नाही, हे मला ठाऊक होतं.

वाचन झालं, बेरजा झाल्या. स्वतःच्या नावाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. नावात ळ होता. त्यांनी आधी दोन बारीक ठिपके दिले आणि रांगोळीची रेघ ओढावी तशी त्यांच्याभोवती पेनाची रेघ फिरवली. डावं वेटोळं, उजवं वेटोळं, मग वर शिरोरेघ. मी म्हणालो, "माय, एवढं कोरत बसू नका, वेळ जातोय." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हाई मनं नाव शे, गुरुजी."

मी गप्प बसलो. तेवीस वर्षं मी मुलांना ळ गिरवायला लावतोय, तो इतका देखणा असतो हे मला तेव्हा दिसलं.

पेपर संपला. शेवटच्या पानावर कोरी जागा होती. तिथं बोट ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "आठे मनी मायनं नाव लिखू का?" त्यांच्या आधारवर नवऱ्याचं नाव, सातबाऱ्यावर मुलांची नावं. आईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ते त्यांनी कधी लिहिलेलं पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. मी एकेक अक्षर सावकाश उच्चारत गेलो, त्या लिहीत गेल्या. त्यातही ळ होता.

मला बहिणाबाई चौधरी आठवल्या, आमच्या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं त्यांची गाणी उतरवून घेतली म्हणून ती उरली. 1930 पर्यंत आमच्याच अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीही बायकांच्या ओव्या गोळा केल्या. खानदेशात जात्यावर रोज किती काय रचलं गेलं असेल, आणि पीठ भरून झालं की विरून गेलं असेल! ज्यांच्या घरात लिहून घेणारं कुणी नव्हतं, त्या बायकांचा विचार मला अजून सोडत नाही.

पाच वाजले. उत्तरपत्रिका पाकिटात घालू लागलो तशा आजी टेबलाशी आल्या. "हाऊ कागद माले परत भेटी का?"

तो केंद्रावर जमा करायचा होता. मी माझ्या वहीतला एक कोरा कागद फाडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उभ्यानंच, टेबलावर वाकून, आईचं नाव पुन्हा लिहिलं. या वेळी ठिपके दिले नाहीत. कागदाची चौघडी घालून पदराच्या गाठीत बांधली आणि नातीचा हात धरून त्या शेताच्या वाटेला लागल्या. अजून दोन वाफे बाकी होते.