पहिली एरर वाचायची

शनिवार, रात्री उशिरा

नवी पेठेतल्या अभ्यासिकेतलं खिडकीजवळचं मशीन आज डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 12 व्या आवृत्तीवरून 13 व्या आवृत्तीवर आलं. मुलं याच मशीनवर एमपीएससीचे अर्ज भरतात, हॉल तिकिटं छापतात. म्हणून दिवसा हात लावायचा नाही, मुलं घरी निघाली की मगच सुरू करायचं, असं काकांशी ठरलं होतं.

सॉफ्टवेअर कुठून आणायचं ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये ‘बुकवर्म’च्या (12 चं नाव) जागी ‘ट्रिक्सी’ (13 चं नाव) लिहिलं. आधी नवीन पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) न आणता जमेल तेवढं साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. हा क्रम रिलीज नोट्समध्येच दिलेला आहे आणि तो पाळावा. फुल-अपग्रेडला हो म्हणण्याआधी ‘काढली जाणारी पॅकेजं’ ही यादी मी नेहमी वाचते. आजची यादी बघून कुणालाही धडकी भरली असती. कितीतरी लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) जाणार होत्या, एन्क्रिप्शनसाठी लागणाऱ्या ओपनएसएसएलचीसुद्धा. पण खालच्या ‘नवीन येणारी’ यादीत त्याच लायब्ररी शेवटी ‘टी64’ लावून परत येत होत्या. 1970 पासूनचे सेकंद मोजणारा 32 बिटांचा आकडा 19 जानेवारी 2038 ला, आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी, संपतो. त्याची तजवीज म्हणून 32 बिटांच्या एआरएमसारख्या यंत्रांवर ट्रिक्सीत वेळेचा आकडा 64 बिटांचा केला, आणि त्या ओघात लायब्ररींची नावं सगळीकडेच बदलली. आमचं मशीन 64 बिटांचं, त्याला या दुखण्याचा त्रास नव्हताच. तरी नावं बदलली. बारा-तेरा वर्षांनी येणाऱ्या एका सकाळची काळजी कुणीतरी आत्ताच घेऊन ठेवतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघितल्यावर एकच नाव असं उरलं, जे जात होतं आणि परत येत नव्हतं: प्रिंटरचा ड्रायव्हर. प्रिंटर बसवायला आलेल्या माणसाने तो कंपनीच्या साइटवरून उतरवून टाकला होता. जाऊ दे म्हटलं आणि एंटर दाबलं.

आणि तिथेच गाडी अडली. पॅकेजं उलगडून झाली होती, मांडायची (कॉन्फिगर करायची) राहिली होती, आणि पॅकेजं आणून बसवणारं ॲप्ट एरर देऊन बाहेर पडलं. पुन्हा चालवलं तर डिपेन्डन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं) पूर्ण नसल्याची पडदाभर यादी.

लातूरचा एक मुलगा अजून वाचत बसला होता, तो उठून आला. “ताई, नेटवर जबरदस्तीने बसवायची कमांड असते की. नाहीतर सरळ नवीनच टाका, अर्ध्या तासात होतंय.”

“होईल रे. पण हे का अडलंय ते मग कधीच कळायचं नाही. आणि अजून दोन मशीनं हाच ड्रायव्हर घेऊन बसलीयत.”

त्याला शेजारी बसवून घेतलं. ॲप्टच्या हाताखाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवायचं-काढायचं काम डीपीकेजी करतं. त्याची यादी उघडली की प्रत्येक नावाआधी दोन अक्षरं दिसतात. ‘आय-आय’ म्हणजे बसवायचं होतं आणि बसलं. ‘आय-यू’ म्हणजे फाइली उलगडल्या, पण कॉन्फिगर व्हायच्यात. आमच्याकडे ‘आय-यू’ची रांगच होती. कुठली फाइल कुठल्या पॅकेजची आणि कोण कुठवर आलंय, ही सगळी खतावणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते. कुणीही उघडून वाचावी. अशा अवस्थेत मशीन रीस्टार्ट मात्र अजिबात करू नये. नव्या कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) बूट फाइल तयार झाली नसेल तर ते उठायचंच नाही.

लोक पडद्यावरची शेवटची ओळ कॉपी करून शोधत बसतात. शेवटची ओळ हा परिणाम असतो, कारण वर कुठेतरी असतं. ॲप्टच्या लॉग फोल्डरमध्ये ‘टर्म-लॉग’ नावाच्या फाइलीत पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरलेलं असतं. ती वरून वाचत आलो. पहिली एरर: ड्रायव्हर काढण्याआधी चालणारी त्याची स्वतःची स्क्रिप्ट अपयशी. प्रत्येक पॅकेजच्या अशा स्क्रिप्ट डीपीकेजीच्या ‘इन्फो’ फोल्डरमध्ये असतात, म्हणून ती उघडली. जेमतेम दहा-बारा ओळींची. त्यातली एक ओळ अशी सेवा थांबवू बघत होती, जी या मशीनवर कधी नव्हतीच. थांबवता आली नाही, म्हणून स्क्रिप्ट हरली; स्क्रिप्ट हरली, म्हणून डीपीकेजीने ड्रायव्हर काढायचं नाकारलं; आणि त्याच्या मागे अख्खं अपग्रेड. डीपीकेजीचं वागणं मला इथे शंभर टक्के बरोबर वाटतं. आपलं काम नीट झालं नाही असं स्क्रिप्ट सांगत असताना पुढे रेटणं हा त्याचा अधिकार नाही. तो निर्णय माणसाने घ्यायचा, काय आहे ते वाचून.

आम्ही वाचलं होतं. ती ओळ निष्क्रिय केली आणि ड्रायव्हर काढला. मग डीपीकेजीला राहिलेलं सगळं कॉन्फिगर करायला सांगितलं, त्यामागून ॲप्टचं ‘फिक्स-ब्रोकन’, आणि परत फुल-अपग्रेड. ‘आय-यू’ एकेक करत ‘आय-आय’ होत गेले, तसा तो मुलगा मोठ्याने नावं वाचायला लागला. कर्नलची बूट फाइल तयार झाल्याची ओळ दिसली, मगच रीस्टार्ट केलं.

प्रिंटरची धाकधूक होती. यूएसबी लावली, आणि छपाई सांभाळणाऱ्या कप्सने तो ड्रायव्हरशिवाय आपणहून ओळखला. हल्लीचे बरेच प्रिंटर आयपीपी या छपाईच्या सामायिक भाषेत बोलतात, त्यांना कंपनीचं वेगळं काही लागतच नाही. त्या मुलाने स्वतःचं हॉल तिकीट छापून बघितलं. नावातला ‘श्री’ आणि आडनावातला रफार दोन्ही जागच्या जागी.

उरलेल्या दोन मशीनांवर आधी ती स्क्रिप्ट दुरुस्त करून ड्रायव्हर काढायचा, प्रिंटर चालतो का ते बघायचं, मगच सोर्सेसला हात. काकांकडे उद्याचीही रात्र मागितली आहे. तो मुलगा म्हणाला, दुसरं मशीन मी करतो, तुम्ही नुसतं बघा.