तामणाची नोंद : सहावं वर्ष, पहिला तुरा

१९ एप्रिल. सकाळी पाणी घालताना सहज शेंड्याकडे बघितलं आणि नळी तशीच हातात धरून उभा राहिलो. जमिनीतल्या तामणाच्या तीन फांद्यांना कळ्या! वाटाण्याएवढ्या, गोल, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या, किंचित तांबूस लव असलेल्या. पहिल्या दिवशी मोजल्या तेव्हा एकाच तुऱ्यात २३ भरल्या. नंतर मोजणं सोडून दिलं.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत रस्त्याकडेच्या झाडाखालून बोंडं गोळा केली होती. बोंड वाळलं की लाकडासारखं कडक होतं, पाकळ्या उघडाव्यात तसं फुटतं आणि आतून पंख असलेल्या चपट्या बिया वाऱ्यावर निघून जातात. त्यामुळे खाली पडलेली निम्मी बोंडं रिकामीच मिळाली. ४० बिया पेरल्या, ११ उगवल्या, तेही तिसऱ्या आठवड्यानंतर, मी कुंडी रिकामी करायच्या बेतात असताना. त्यातली तीन रोपं टिकली. एक कुंपणालगत जमिनीत लावलं, दोन कुंड्यांत ठेवली.

जमिनीतल्या झाडाने दुसऱ्या उन्हाळ्यात मला चांगलंच पळवलं. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. मी आधी पाणी वाढवलं, मग शेणखत, मग पुन्हा पाणी. उपयोग शून्य. दोष बोअरच्या जड पाण्याचा आणि आमच्या चुनखडीच्या मातीचा होता. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, दिलं, आळ्यात पालापाचोळा जाड पसरला, पावसाळ्यात पानं सावरली. हे मुळात ओढ्याकाठचं, कोकणातल्या पाणथळ जागांत रमणारं झाड. मुळाशी पाणी साचलं तरी ते कुरकुरत नाही, पण चुनखडी त्याला मानवत नाही. आता पावसाचं पाणी पिंपात साठवतो आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तेच देतो.

आता खरी चूक. चौथ्या वर्षी झाड माझ्या डोक्यावर गेलं, आकार वेडावाकडा झाला, म्हणून मार्चअखेर नव्या पालवीवरच कात्री चालवली. दिसायला झाड एकदम नीटस झालं. पण तामणाचे तुरे त्या वर्षीच्या नव्या फांदीच्या टोकाला येतात, म्हणजे मी येऊ घातलेली फुलंच कापून टाकली होती. पाचव्या वर्षी घाबरून हातच लावला नाही, तर आत दाटी झाली, पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आली, तिच्या मागोमाग मुंग्या, आणि फुलाचा पत्ता नाही. यंदा पानगळ पूर्ण झाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, पालवी फुटायच्या आधी छाटणी केली. आतल्या आडव्या फांद्या काढल्या, टोकं बोटभर मागे घेतली, बस. त्याचंच फळ आता दिसतंय असं मला वाटतं. झाड वयात आलं म्हणूनही असेल, पण श्रेय कात्रीला द्यायला मला आवडेल.

२७ एप्रिल. पहिलं फूल उघडलं. सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. तुरा खालून वर उमलत जातो. सकाळी रंग गडद जांभळट गुलाबी, एकदोन दिवसांत उतरून फिकट होतो, म्हणून एकाच तुऱ्यात दोन-तीन छटा दिसतात. मधमाश्या सकाळी लवकर येतात, आणि एक भला मोठा काळा भुंगा. तो बसला की अख्खा तुरा लवतो. महाराष्ट्र दिनाच्या तोंडावर राज्यपुष्प दारात फुलावं, एवढा नाटकीपणा झाडाने करायला हरकत नाही.

कुंडीतल्या दोघांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. बोन्सायचा नाद मी सोडला. पान वीतभर लांब, ते लहान होता होत नाही, आणि फुलाचा आकार तर कमी होतच नाही. बोटभर खोडावर ताटलीएवढा तुरा विनोदी दिसेल. ज्यांना हौस आहे त्यांनी त्याची चिनी चुलतबहीण, छोट्या पानांची लॅजरस्ट्रोमिया इंडिका, घ्यावी. या नावामागची गंमत अशी की वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने आपल्या मित्राच्या, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या मॅग्नस लॅजरस्ट्रॉमच्या, नावावरून १७५९ मध्ये तामणाच्या या वंशाला (genus) नाव दिलं. आपल्याकडे त्याच वंशातली नाना आणि बोंडारा ही झाडं जंगलात उभी आहेत. त्यांची फुलं बारीक, पांढरी. नानाचं खोड मात्र असं गोरं आणि गुळगुळीत की फुलाची उणीव भासत नाही.

उपयोगांबद्दल मागे विचारणा झाली होती. आसाम-बंगालकडे हा जारूल, आणि तिथे त्याचा मान लाकडामुळे. पाण्यात टिकतं म्हणून होड्यांना, शिवाय खांबांना, गाड्यांना. फिलिपीन्समध्ये त्याला बनाबा म्हणतात आणि पानांचा काढा साखरेच्या विकारावर पितात. पानांतल्या कोरोसोलिक आम्लावर बरंच संशोधन झालंय. पण साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वैद्य-डॉक्टरांना न विचारता हा काढा घेऊ नये, साखर जास्त खाली जाऊ शकते. मी स्वतः एकही पान उकळलेलं नाही. सहा वर्षांनी फुललेल्या झाडाचं पान तोडायला हातच धजत नाही.

११ मे. वळवाच्या पावसाने अर्धा तुरा झोडपला, खाली जांभळा सडा. उरलेल्या फुलांपैकी सहा-सात ठिकाणी हिरवी बोंडं धरलेली दिसतात. यंदा ती फुटायच्या आधी मलमलीच्या पिशव्या बांधणार, म्हणजे बिया वाऱ्याला जाणार नाहीत. ताजं बी कोणाला हवं असेल तर जानेवारीत आठवण करा. बदल्यात मला नानाचं बी चालेल.