मोगलीची चित्रं काढणारे हात

आज सुट्टी होती. सकाळी 'जंगल बुक'च्या मूळ जपानी भागांची श्रेयनामावली वाचायला बसले, ती उठले तेव्हा दिवेलागण झाली होती.

१९९३ साली दूरदर्शनवर हिंदीतून पाहिलेला आपला मोगली मुळात जपानी स्टुडिओ निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा. जपानमध्ये १९८९-९० ला दाखवलेले ५२ भाग, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. ही माहिती सहज सापडते. मला त्यापुढचं हवंय: ती चित्रं ज्यांनी हाताने काढली, त्यांची नावं मराठीत नीट लिहायचीत.

मोबाइलने 'दोगा'चं भाषांतर 'व्हिडिओ' असं केलं. एरवी ते बरोबरच, पण अ‍ॅनिमेशनच्या नामावलीत दोगा म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली हालचाल भरणारी चित्रं. मुख्य चित्रं ती 'गेंगा'. हे समजायलाच दुपार गेली.

नावांचं तर फारच अवघड. 'सुख' आणि 'मूल' या अर्थाची दोन कांजी (जपानीतली चिनी लिपीची) अक्षरं शेजारी आली की साचिको वाचायचं की युकिको? दोन्ही नावं तशीच लिहितात. ज्यांनी माझं बालपण रंगवलं, त्यांचं नाव अंदाजाने कसं लिहू?

पुण्यात जपानी शिकलेले कितीतरी जण माझ्या मित्रयादीत आहात. अ‍ॅनिमेवेड्यांनो, तुम्हीही या. 'अ‍ॅनिमेज' किंवा 'न्यूटाइप' या जपानी अ‍ॅनिमे-मासिकांचे त्या काळातले अंक कुणाकडे असतील, तर मोगलीवरची पानं मला हवी आहेत. नामावलीचे फोटो मेसेंजरवर पाठवते. एकेकाने एकच भाग घेतला तरी चालेल.