बिल नेमकं कुठं फुगतं

ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के आला, खाद्यपदार्थांचा तर उणे 5.02. ही बातमी वाचून कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात यादी घेऊन गेलेल्याला मात्र पिशवी भरताना स्वस्ताई कुठं दिसली नाही. यात खोटं कुणीच बोलत नाही. हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये खाद्यपदार्थ 10.87 टक्क्यांनी चढलेले होते, भाजीपाला तर 42 टक्क्यांनी. म्हणजे 2023 ला 100 रुपयांना येणारा माल 2024 ला 111 वर गेला आणि 2025 ला साधारण 105 वर आला. पुन्हा 100 वर तो आलाच नाही. त्यात ही उतरण मुख्यतः भाजी आणि डाळींची होती, तेल तेव्हाही चढंच होतं.

त्यामुळं सरकारी आकड्यावरून घरचं बजेट लावता येत नाही. त्यासाठी घरची वही लागते. वहीत एकूण बिल लिहून काही उपयोग नाही, कारण एखाद्या महिन्यात पाहुणे येतात, एखाद्यात साखर शिल्लक असते, श्रावणात उपवासाचं सामान वाढतं. लिहायचं एवढंच: तारीख, दुकान, वजन, पैसे आणि शेवटच्या रकान्यात किलोचा भाव. सगळ्या यादीचा नको, आठ-दहा जिन्नस पुरे. दूध, तेल, तूरडाळ, तांदूळ, गहू, शाळू (रब्बी ज्वारी), साखर, चहा पावडर, शेंगदाणे, खोबरं. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं.

चौघांच्या घराचा महिन्याचा खप धरा: दूध रोज दीड लिटर म्हणजे 45 लिटर, तेल चार ते पाच लिटर, तूरडाळ अडीच-तीन किलो, साखर चार किलो, शेंगदाणे दोन किलो. आता दुधाला लिटरमागं 2 रुपये वाढले तर महिन्याला 90 आणि वर्षाला 1080 रुपये गेले. कपिलतीर्थच्या भाजी मंडईत कोथिंबिरीच्या पेंढीमागं 2 रुपये घासाघीस करून महिन्यात आठ पेंढ्यांचे 16 रुपये वाचतात. घासाघीस करू नये असं नाही, पण जोर कुठं लावायचा हे कळावं. केंद्राच्या 2023-24 च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीतही शहरी घरांच्या खाण्यावरच्या खर्चात पहिला नंबर चहा-नाश्ता, फरसाण, बिस्किटं, बाहेरचं तयार खाणं यांचा होता, आणि दुसरा दुधाचा. धान्य त्यांच्यामागं.

दुधात वाचवायची एक सरळ जोडणी आहे. म्हशीचं दूध सहा टक्के फॅटचं, गायीचं साडेतीनच्या आसपास. दिवसभराच्या चहाला म्हशीचं दूध लागतच नाही. दही, विरजण आणि साय यासाठी एक लिटर म्हशीचं आणि चहाला अर्धा लिटर गायीचं, अशी वाटणी करून भावातला फरक वहीत मांडून बघा. सहा टक्के म्हणजे लिटरला जेमतेम 60 ग्रॅम फॅट. त्यातलं निम्मं साय म्हणून हाती लागलं तरी 30 लिटरला पाऊण-एक किलो तूप-लोण्याचा ऐवज होतो. साय काढायची असेल तर दूध उकळल्यावर झाकण अर्धवट ठेवून आधी निवू द्यायचं, मग फ्रिजमध्ये. गरम असतानाच आत ढकललं की साय पातळ येते.

आता तेल. गणित सगळ्यात जास्त इथंच चुकतं, कारण सुटं तेल किलोवर मिळतं, पाकीट लिटरवर आणि डबा दोन्हींत. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरचा डबा 13.65 किलोचाच भरतो. समजा 15 किलोचा डबा 2400 ला आणि 15 लिटरचा 2250 ला आहे. दीडशे रुपये वाचले असं वाटतं, पण पहिला 160 रुपये किलोने पडला आणि दुसरा 165 ने. (हे भाव उदाहरणापुरते आहेत, आपल्या दुकानातले घालून बघा.)

पाकिटात याहून गंमत आहे. ठरावीक मापातच पाकीट करायचं हे बंधन निघाल्यापासून 750, 800, 850 ग्रॅमची पाकिटं आली. आकार जवळपास लिटरच्या पाकिटाएवढाच, शेल्फवर शेजारी ठेवलं तर डोळा फसतो. 910 ग्रॅम 145 ला म्हणजे किलोला 159. 750 ग्रॅम 125 ला म्हणजे किलोला 167. नियमानुसार पाकिटावर एमआरपीजवळ एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापावा लागतो. तो बारीक अक्षरातला आकडा वाचायची सवय लावली की निम्म्या 'ऑफर' आपोआप गळतात.

तेलाचा भाव कोल्हापुरात ठरत नाही हेही ध्यानात असू द्या. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झालं, तेही ऐन गणपतीत, दिवाळीच्या तोंडावर. मे 2025 च्या अखेरीस ते 16.5 वर आणलं. आपल्या भागात सोयाबीन पिकतं म्हणून इथं तेल स्वस्त मिळेल, हा हिशेब त्यामुळं बसत नाही. आणि भाव वाढेल म्हणून तेल भरून ठेवण्यातही शहाणपण नाही. उघडलेला डबा तीन-चार महिने रेंगाळला की शेंगतेल खवट होतं. पाकीट फोडलं त्या दिवसाची तारीख त्यावर लिहायची. चार दिवस आधी संपलं तर तळण वाढलंय की हात सैल सुटलाय, ते कळतं.

जीएसटीचं थोडक्यात. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठाला 5 टक्के कर आहे, सुट्याला नाही. 26 आणि 30 किलोची पोती बाजारात दिसतात ती त्यामुळंच. लक्ष्मीपुरीत दोन-तीन घरांनी मिळून तसलं एक पोतं घेतलं तर कर वाचतो. घरी आल्यावर निवडून, ऊन देऊन वाटून घ्यायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर, तूप-लोणी 12 वरून 5 वर आलं. कपड्याची पावडर मात्र 18 वरच राहिली. दहाच्या पाकिटाची किंमत दहाच दिसली तर आतले ग्रॅम वाढलेत का ते बघा.

वर्षाचं भरायचं ते हंगामातच: आजरा-भुदरगडचा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत, गूळ जानेवारीत, शाळू आणि तूरडाळ फेब्रुवारी-मार्चनंतर, गहू आणि गरवा (उन्हाळी) कांदा एप्रिल-मेमध्ये. नवा तांदूळ लगेच शिजवला तर गिचका होतो, पाणी कमी घालावं लागतं आणि भात कमी भरतो. म्हणून घ्यायचा नवा, पण आधी जुना संपवायचा. आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा दमटपणा डाळीचा शत्रू आहे. जूनआधी कडक ऊन, मग पूर्ण निवल्यावर डब्यात. गरमच भरली तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि पंधरा दिवसांत जाळी धरते. व्याजाने पैसे काढून वर्षाचं धान्य भरायचं असेल तर ते न भरलेलंच बरं.

आणि चटणी, म्हणजे कांदा-लसणाचं वर्षाचं तिखट. वर्षाची चटणी हा मार्च-एप्रिलच्या बजेटमधला सगळ्यात मोठा धक्का, पण घरी केलेली परवडते ती मिरची नीट घेतली तरच. किलोभर मिरचीचं प्रमाण असं: ब्याडगी 600 ग्रॅम, संकेश्वरी 400, सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, तीळ 100, जिरे 50, खसखस 50, सगळा खडा मसाला मिळून 100, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो, आलं 100, कोथिंबीर एक पेंढी, खडे मीठ 300 ग्रॅम, भाजायला पाव लिटरच्या आत तेल. सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास उतरते. रंग ब्याडगीचा, चव आणि झणका संकेश्वरीचा. संकेश्वरी फारच चढली असेल तर ती निम्मी करून थोडी गुंटूर घ्या. तिखटपणा भरून निघतो, वास तेवढा येत नाही.

मिरची हातात घेऊन हलवली की बी वाजलं पाहिजे आणि देठ कट्कन मोडला पाहिजे. वाकली तर तिच्यात पाणी आहे, आणि त्या पाण्याचे पैसे आपण मिरचीच्या भावाने देतो. दोन ऊन दिल्यावर ते वजन उडून जातं. देठ काढल्यावरही किलोमागं 100 ग्रॅमच्या आसपास घट धरा. खोबऱ्याने 2025 मध्ये जी उडी मारली, त्यानंतर बऱ्याच घरांनी ते निम्म्यावर आणून तीळ वाढवले. चालतं, पण तीळ 200 च्या वर गेले की रश्शाला कडवट झाक येते.

चटणीला बुरशी येते ती बहुतेक वेळा कांद्यामुळं. तो बदामी झाला की उतरवतात, पण आत ओल राहते. चुरचुरीत होऊन बोटात मोडेपर्यंत तळायचा. कांडपावर आधी कोरडं कुटून घ्यायचं, कांदा-लसूण शेवटी. घरी आल्यावर चटणी परातीत पसरून पूर्ण निवू द्यायची, मग काचेच्या बरणीत दाबून भरायची आणि वर हिंगाचा खडा ठेवायचा.

तयार पाकीट घ्यायची वेळ आलीच तर मागची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. मिरचीच्या पाठोपाठ मीठ असेल, तर खोबरं, तीळ, लसूण यांच्या भावात आपण मीठ विकत घेतोय.