क्रूझचा स्टाफ एक नंबर, पण ते वर कळवायचं कसं?

बार्सिलोना, मार्सेय, पालेर्मो सगळं मस्त होतं, फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यावर काही लिहिणार नाहीये. पालेर्मोला जिलातो खाल्लं, झोपलो, संपलं. हे लिहितोय ते दोन गोष्टींसाठी. एक, चिविटावेकिया बंदरावरचे ते दोन किलोमीटर. आणि दुसरं, त्या दिवशी बोटीवरच्या ज्या लोकांनी आईला सांभाळलं त्यांचं नाव कंपनीत वरपर्यंत पोचवायला आम्हाला जी खटपट करावी लागली ती. बुकिंग एजंट म्हणाला होता, "टिप पॅकेजमध्येच आहे, आणि कोणाचं काम आवडलं तर रिसेप्शनला सांगा, ते वर कळवतात." दोन्ही थापा. एजंटचं नाव लिहीत नाही, क्रूझ कंपनीचंही नाही, आणि स्टाफची नावं जिथे द्यायची तिथे दिलीयत.

आधी चिविटावेकिया. ब्रोशरमध्ये "रोम" असं लिहितात, पण बोट रोमला लागत नाही, रोम तिथून ऐंशी किलोमीटर लांब. बोटीपासून बंदराची फुकट बस मिळते ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकात आणून सोडते. तिथून रेल्वे स्टेशन साधारण दोन किलोमीटर, समुद्राच्या कडेने, मायकेलअँजेलोच्या नावाचा किल्ला आहे त्याच्या बाजूने. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना वीस-पंचवीस मिनिटं, काही प्रॉब्लेम नाही, सरळ चालत सुटा. लोकल बस पण आहे. ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड. व्हॅटिकन बघायचं असेल तर टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊ नका, रोमा सान पिएत्रोला उतरा, चर्च तिथून चालत जाण्यासारखं आहे.

जाताना सगळं सुरळीत. येताना ट्रेन लेट, आईचे पाय सुजलेले, ऊन असं की बाटलीतलं पाणी गरम, आणि बोटीची ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी परत चढायची, वेळ जवळ आलेली. लक्षात ठेवा, तुम्ही स्वतःहून फिरायला गेला असाल तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही, कंपनीच्या एक्स्कर्शनची, म्हणजे तिच्या स्वतःच्या सहलीची, बस लेट झाली तरच थांबते. स्टेशनबाहेर टॅक्सीवाला उभा होता. आधीच्या जोडप्याला त्याने काय सांगितलं ते मी ऐकलं होतं, वीस युरो. आमच्याकडे बघितलं, आईला लंगडताना बघितलं, आणि म्हणाला साठ. दोन किलोमीटरचे साठ युरो! मीटर दाखवला तर हात हलवून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. बायको म्हणाली दे. दिले. अजून आठवलं की डोकं तापतं, आणि मी सगळ्यांना हेच सांगतो की सोबत म्हातारं माणूस असेल तर रोमच्या दिवशी कंपनीची महागडी एक्स्कर्शन मुकाट घ्या, नाहीतर बोटीवरच थांबा. रोम कुठे पळून जात नाही.

बरं, गँगवेपाशी, म्हणजे बोटीत चढायच्या पुलापाशी, पोचलो तर तिथल्या सिक्युरिटीच्या मुलीने आईला बघितल्याबरोबर आम्हाला काही विचारायच्या आत वॉकी-टॉकीवरून व्हीलचेअर मागवली. रांगेतून बाजूला घेतलं, स्वतः छत्री धरून उभी राहिली. केबिनमध्ये पोचतोय तर आमचा केबिनवाला दारात, बर्फाची बादली आणि जास्तीच्या दोन उशा घेऊन. त्याला खालून फोन गेला होता. पाय उंच ठेवायला उशा कशा रचायच्या ते त्याने आईला दाखवलं, म्हणजे नुसतं सांगितलं नाही, आधी स्वतः जमिनीवर बसून करून दाखवलं. रात्री जेवायला खाली जाणं शक्यच नव्हतं. आमच्या टेबलाचा असिस्टंट वेटर मडगावचा, त्याने किचनमधल्या भारतीय कुकला सांगून साधा वरण-भात वर पाठवला. तूप नव्हतं, वर बटरचा गोळा होता, आणि डिशच्या कडेला लोणच्याऐवजी लिंबाची फोड. आई त्यानंतर जी झोपली ती सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी नेपल्सला आम्ही उतरलोच नाही, काही बिघडलं नाही.

आता मुद्द्याचं.

मी सकाळी रिसेप्शनला जाऊन तिघांची तारीफ केली. तिथल्या मुलीने गोड हसून थँक्यू म्हटलं, कुठे काही लिहून घेतलं नाही. मडगावकराला सांगितलं की बाबा तुझं नाव दिलंय, तर तो हसला. म्हणाला, तोंडी सांगितलेलं तिथेच विरतं हो, कागदावर पाहिजे. मग त्याने हळूहळू सगळी सिस्टीम समजावली आणि मला पहिल्यांदा कळलं की जहाजावर कॅप्टन मोठा असला तरी या लोकांचा खरा साहेब म्हणजे हॉटेल डायरेक्टर. हाऊसकीपिंग, डायनिंग, किचन, बार, गेस्ट सर्व्हिसेस (म्हणजे तेच रिसेप्शन) सगळे त्याच्या हाताखाली. कौतुक त्याच्या टेबलावर लेखी गेलं तर ते त्या माणसाच्या फाईलला लागतं. यांची काँट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांची, प्रत्येक वेळी नवीन, आणि पुढचं कधी मिळणार, कुठल्या जहाजावर, असिस्टंटचा वेटर होणार की नाही, हे ठरवताना ती फाईल उघडतात. आपल्यासाठी दोन ओळी, त्याच्यासाठी घराचा हप्ता.

तर काय करायचं. बोटीवर असतानाच गेस्ट सर्व्हिसेसला स्टाफच्या कौतुकाचं कार्ड मागायचं. बऱ्याच जहाजांवर असतं, समोर ठेवलेलं नसतं, मागावं लागतं. नसेल तर साधा कागद घ्या, वर "हॉटेल डायरेक्टर" लिहा आणि काऊंटरवर द्या. त्यात नाव, पोस्ट, तारीख, साधारण वेळ, आपला केबिन नंबर. नाव बॅजवर असतं, खाली देश असतो. एकाच नावाचे चार जण निघू शकतात म्हणून पोस्ट आणि जागा लिहायचीच. गँगवेवरच्या मुलीचा बॅज त्या गडबडीत कोणी वाचतोय, पण "अमुक तारखेला, ऑल अबोर्डच्या अर्धा तास आधी, गँगवेवर सिक्युरिटीला होती" एवढ्यावर त्यांनी तिला शोधून काढलं, ड्युटी लिस्ट असतेच त्यांच्याकडे. आणि "खूप छान सर्व्हिस, सगळे फार चांगले" असलं काही लिहू नका, त्याचा उपयोग शून्य. काय केलं ते लिहा. उशा, बर्फ, छत्री.

हे शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या असतात, काऊंटरला बिलाच्या भांडणांची ही लांब रांग, आणि सकाळी तर केबिन लवकर खाली करायला लावतात कारण दुपारी नवीन पब्लिक चढणार असतं. त्या दिवशी केबिनवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, पंधरा-वीस केबिन एकट्याने बघतो तो.

एक अत्यंत महत्त्वाचं, आणि हे मला कुठल्याच एजंटने सांगितलं नाही. स्टाफने नियम वाकवून केलेली मदत कागदावर लिहायची नाही! मी वरण-भाताचं सगळं इत्थंभूत लिहिलं होतं, मडगावकराने वाचलं आणि म्हणाला, "सर, किचनमधनं मी स्वतः आणलं तेवढं लिहू नका हां, ते माझं काम नाही, उलटी झाडाझडती होईल." मग "आजारी प्रवाशासाठी शाकाहारी जेवणाची तत्परतेने व्यवस्था केली" असं सरकारी भाषेत लिहिलं. तसंच त्यांच्यासोबतचे सेल्फी टाकून त्यांना टॅग करू नका, पाहुण्यांशी जास्त सलगी हा तिथे नोकरी जाण्याइतका गुन्हा आहे.

मग सर्व्हे. उतरल्यावर कंपनी ईमेलवर लिंक पाठवते, आणि वर ऑफिसात जे आकडे बघतात ते यातूनच. आमची लिंक आलीच नाही. वाट बघितली, स्पॅम बघितला, शेवटी कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की बुकिंगवर ईमेल एजंटचा होता, सगळ्या ग्रुपचे सर्व्हे त्याच्या इनबॉक्समध्ये पडून, आणि मुदत संपलेली. म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या एकाही माणसाचं मत कंपनीपर्यंत गेलं नाही. एजंटला विचारलं तर म्हणे, "सर ते मार्केटिंगचे मेल असतात." मार्केटिंग म्हणे! तेव्हा बुकिंग झाल्या झाल्या ऑनलाईन चेक-इनमध्ये जाऊन ईमेल आपला टाका. एजंट नको म्हणाला तर एजंट बदला.

सर्व्हे आला तर मार्क देताना आपला हात आखडता असतो तो सोडा. दहापैकी आठ म्हणजे आपल्याकडे डिस्टिंक्शन, तिथे आठ आले की साहेब बोलावून विचारतो काय बिनसलं होतं. माणूस आवडला असेल तर दहा, नाहीतर तो रकाना मोकळा. आणि बाथरूमचा नळ गळत होता त्याचा राग केबिनवाल्याच्या रकान्यात काढू नका.

सर्व्हे हुकला म्हणून मी सरळ हेड ऑफिसला मेल केला. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन या तिन्हींची मुख्य ऑफिसं मायामीला, एमएससीचं जिनिव्हाला, कोस्टाचं जेनोआला. मुंबईतल्या सेल्स ऑफिसला लिहून काही होत नाही, ते तिकीट विकायला बसलेत. विषयाच्या ओळीत जहाजाचं नाव, निघायची तारीख, बुकिंग नंबर, आणि "स्टाफचं कौतुक" हे शब्द. मेल इंग्रजीत, पंधरा ओळींच्या आत, एका माणसाला एक परिच्छेद. तक्रार त्यात अजिबात घुसडायची नाही. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये साठ युरो होते, बायकोने काढायला लावले, बरोबर होतं तिचं. तक्रारीचा एक शब्द असला की मेल तक्रार विभागात जातो, तिथून तुम्हाला माफीचं छापील उत्तर येतं आणि केबिनवाला राहतो बाजूला.

टिपबद्दल. पॅकेजमध्ये नव्हतीच, दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये खातं उघडलं तर माणशी रोजचा सर्व्हिस चार्ज लागलेला. अमेरिकन कंपन्यांचा साधारण १५ ते २० डॉलर माणशी रोज धरा, आणि बारच्या बिलावर वेगळे टक्के. तो केबिन, डायनिंग आणि जे आपल्याला कधी दिसत नाहीत त्या लोकांत वाटतात. आमच्या ग्रुपमधले काही जण रांग लावून तो काढून घेत होते आणि वर केबिनवाल्याला बाकरवडीचं पाकीट देऊन फोटो काढत होते. बघवत नव्हतं. एजंटने फसवलं असेल तर एजंटशी भांडा, हा माणूस दिवसाला दहा-बारा तास राबतो. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ प्रमाणे त्यांना २४ तासांत कमीत कमी १० तास विश्रांती द्यायची असते, यावरून काय ते समजा. सर्व्हिस चार्ज राहू द्या, वर द्यायचं तर रोख हातात द्या, पण पत्र वेगळं लिहा. पैशाने फाईलमध्ये काही लागत नाही.

आणि हे नुसते वेटर नव्हेत बरं का. पहिल्या दिवशी संकटात बोट कशी सोडायची त्याचं ड्रिल असतं, लोक वैतागतात, मोबाईल बघत बसतात. तेव्हा लाईफजॅकेट घालून आपल्याला मोजणारा तो हाच केबिनवाला. कोस्टा कॉन्कॉर्डिया १३ जानेवारी २०१२ ला याच चिविटावेकियाहून निघाली होती, रात्री जिलिओ बेटापाशी खडकावर गेली, ३२ जण गेले. त्यातला सगळ्यात शेवटी सापडलेला माणूस म्हणजे रसेल रिबेलो, आपल्या मुंबईकडचा वेटर. नोव्हेंबर २०१४ मध्ये, जेनोआला जहाज मोडायला घेतलं तेव्हा सापडला. वाचलेल्यांनी सांगितलं की तो इतरांना बाहेर काढायला मदत करत होता. मला हे माहीत होतं म्हणून ड्रिलला मी फोन खिशात ठेवला, ग्रुपमधल्या बाकीच्यांनी नाही ठेवला.

मेलला उत्तर यायला बरेच आठवडे लागले. छापील वाटेल असंच होतं, पण शेवटी एक ओळ होती की पत्राची प्रत जहाजाच्या हॉटेल डायरेक्टरला आणि क्रू ऑफिसला पाठवली आहे. तुम्हाला हवी ती हीच ओळ. उत्तरात ती नसेल तर त्याच मेलवर रिप्लाय करून विचारा की प्रत जहाजावर गेली का. आम्हालाही गँगवेवरच्या मुलीसाठी परत विचारावं लागलं, कारण सिक्युरिटीवाले हॉटेल डायरेक्टरच्या हाताखाली येत नाहीत, तिची प्रत वेगळी कॅप्टनच्या ऑफिसला जावी लागते.