बोथट पिन

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या जुन्या अडत्यांच्या घरी दप्तरं असतात आणि ती आधी रद्दीवाल्याकडे, मग आमच्यासारख्या नाणी-तिकिटंवाल्यांकडे येतात. त्या दिवशी मात्र मालकच आले. आण्णा, पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि मागे नातू. नातवाच्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात टपालाची सुटी तिकिटं. सगळी पंचम जॉर्जची, बहुतेक एक आण्याची चॉकलेटी, मधूनच एक आणा तीन पैची जांभळट.

"२०१९ च्या पुरात खालचं कपाट गेलं," आण्णा म्हणाले. "पाकिटं कुजली. तिकिटं सुटून पाण्यावर तरंगत हुती. सूनबाईनं पेपरावर वाळत घातली म्हणून राहिली. पर बघा की, कसर लागलीय समद्यास्नी."

कसर नव्हती. कसर अशी रांगेत भोकं पाडत नाही. ही पर्फिन होती, कंपनीच्या आद्याक्षरांची भोकं पाडलेली तिकिटं. ही कल्पना लंडनच्या जोसेफ स्लोपरची. ऑफिसातले पोरगे पेटीतली तिकिटं लांबवून बाहेर विकायचे. भोकं पाडली की ती विकायची सोय राहत नाही. १८६८ पासून ब्रिटिश टपाल खात्याने त्याला परवानगी दिली आणि हिंदुस्थानातल्या बँका, रेल्वे, व्यापारी पेढ्यांनीही पुढे तेच केलं. मी सुरुवात केली तेव्हाचे संग्राहक असली तिकिटं 'फाटकी' म्हणून बाजूला टाकायचे. अजूनही टाकतात. त्यांचं त्यांच्यापाशी.

नातवाला हे सगळं माहीत होतं. तो मोबाईल पुढे करत म्हणाला, "काका, आर.बी. आहे. राली ब्रदर्स. एवढी मोठी कंपनी म्हटल्यावर किंमत बरी येईल ना?"

राली हे नाव कापसाच्या आणि गळिताच्या धान्याच्या व्यापारात फार मोठं होतं, हे खरं. पण दोन अक्षरं जुळली म्हणून माणूस ओळखायचा, तर महाद्वार रोडवरच्या निम्म्या पाट्या एकाच घरच्या निघतील. मी एक तिकीट चिमट्याने काळ्या कागदावर ठेवलं. डावीकडची उभी ओळ, वरचं पोट, खालचं पोट, आणि अगदी तळाला मधलं एक भोक नाही. त्यामुळे खालचं पोट उघडं राहून पाय फाकलेला 'आर' दिसत होता. मग तेच तिकीट उचलून खिडकीच्या उजेडात आडवं धरलं आणि भिंग लावलं. तळाला, नेमक्या जागी, कागदाला छोटी खळी पडली होती. पिन तिथे पोचली होती. कागद दाबला गेला, पण फुटला नाही. म्हणजे पिन बोथट. अक्षर 'बी'.

नातू डोळा लावून बघत राहिला. "मग बी.बी.! बँक ऑफ बॉम्बे!"

पोरगं हुशार. माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. पण बँक ऑफ बॉम्बे १९२१ साली बाकीच्या दोन प्रेसिडेन्सी (इलाख्याच्या) बँकांबरोबर इंपीरियल बँकेत विलीन झाली. एक आण्याचं हे चॉकलेटी तिकीट निघालं १९२२ ला. वर मी ते पालथं करून दाखवलं : पाठीवर बारीक ताऱ्यांची गर्दी. आधीची तिकिटं लंडनहून छापून यायची, त्यांच्यात एकेका तिकिटाला एकच तारा असायचा. नाशिकचा छापखाना सुरू झाल्यावर १९२६ पासून हा गर्दीचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातलंच पाणचिन्ह, आला. बंद झालेली बँक नाशिकच्या तिकिटांना भोकं पाडायला येणार नाही. दोन्ही मोठी नावं गेली आणि नातवाचा चेहरा पडला.

इथे बहुतेक वेळा माझं काम संपतं. सुट्या पर्फिनवर अक्षरं असतात, मालक नसतो. मालक कळायला पाकीट लागतं. मी सहज विचारलं, "एखादं तरी पाकीट वाचलं का?"

"एक हाय," आण्णा म्हणाले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं पाकीट काढलं. "वरच्या फळीवर हुतं. ह्ये इकायचं न्हाई."

एक आणा तीन पैचं तिकीट, मुंबईचा शिक्का, साल ३३. हिशेब बसत होता. १९३१ च्या अखेरीस पत्राचा दर एका आण्यावरून सव्वा आण्यावर गेला आणि हे तिकीट १९३२ ला निघालं. पाकिटाच्या मागच्या झडपेवर पेढीचं नाव उठावात छापलेलं. यंत्रसामग्री विकणारी मुंबईची पेढी, मालकाच्या आडनावाचा 'बी' आणि ब्रदर्सचा 'बी'. वारसांना विचारलेलं नाही, म्हणून नाव इथे लिहीत नाही. पाकिटावरच्या तिकिटाला तळाचं तेच भोक नव्हतं आणि त्याच जागी खळी होती.

मग दुकानाचं शटर अर्धं ओढून डब्यातली सगळी तिकिटं काळ्या कागदावर मांडली. ज्यांच्यावर शिक्क्यातलं साल वाचता येत होतं ती वर्षाप्रमाणे. २७ च्या तिकिटावर 'बी' पूर्ण, सगळी भोकं स्वच्छ. ३० च्या एकावर तळाचं भोक अर्धवट, कागदाची चकती कडेला लोंबत राहिलेली. ३२, ३३ ला नुसती खळी. ऑफिसात कुणीतरी रोज तेच हत्यार दाबत होतं आणि एक पिन झिजत होती. काहींवर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती, ताव घडी घालून यंत्रात सारल्यामुळे. त्यांच्यावरही खळी त्याच जागी, फक्त दुसऱ्या बाजूने. साल न वाचता येणारी तिकिटंही आता आपापल्या जागी सरकवता येत होती. या धंद्यात असं बसून लावायला मिळणं दुर्मीळ.

"आता किंमत?" नातवाने विचारलं.

सुट्या पर्फिनला गिऱ्हाईक थोडं, हे मी स्पष्ट सांगितलं. पण पाकिटासकट, झिजेच्या क्रमाने लावलेला संच एखादा जाणकार आनंदाने घेईल. पाकिटावरचं तिकीट काढायचं नाही, पाण्यात तर मुळीच घालायचं नाही, एवढं दोघांकडून कबूल करून घेतलं.

आण्णांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पाकिटातलं पत्र उलगडून चष्म्याजवळ नेलं होतं. त्यांच्या आजोबांनी गुऱ्हाळाच्या चरकासाठी रोलरचा भाव विचारला होता, त्याचं उत्तर.

"ह्यो भाव?" आण्णा म्हणाले. "आज्जा फसला रं. हातकणंगल्यात ह्याच्यापेक्षा सवंग मिळालं असतं."