जुन्या गाडीत निघालेला जीपीएस: उपटण्याआधी काय काय केलं

गाडी जुनी घेतलेली, पेट्रोल हॅचबॅक, एमएच १२ पासिंग. बॅटरी जेमतेम आठ महिन्यांची. तरीही गाडी आठवडाभर सोसायटीत उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करायचा. बॅटरी दुकानात तपासली, ती उत्तम निघाली. म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी करंट खात होतं.

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचा आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोडायचा. दार उघडं ठेवावं लागलं तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबायचं, नाहीतर आतला दिवा आणि कंट्रोल युनिट जागेच राहतात. मग अर्धा तास हात लावायचा नाही. या अर्ध्या तासात रिमोटचं बटण दाबलं की मोजणी पहिल्यापासून. स्टार्टर तर मारायचाच नाही, मीटरचा फ्यूज जातो. सगळं झोपल्यावर धडधाकट गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर ओढते. आमची ११० वर अडकली होती. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या वेगाने सहा-सात दिवसांत निम्मी होते, आणि निम्म्या बॅटरीवर थंडीतल्या सकाळी इंजिन फिरत नाही. हिशोब तंतोतंत जुळला.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर आकडा ३० वर आला. पण दिवा तर बंद होता.

नाना पेठेतल्या एका वायरमनने डॅशबोर्डखालचं पॅनेल उतरवलं आणि टॉर्च मारून म्हणाला, "साहेब, ही टेप कंपनीची नाही." कंपनीच्या वायरिंगवर कापडी टेप किंवा खाचांची नळी असते, इथे चकचकीत काळी पीव्हीसी टेप गुंडाळलेली. तिच्या मागोमाग गेल्यावर स्पीडोमीटरच्या मागे दुहेरी टेपने चिकटवलेला काडेपेटीएवढा डबा निघाला, गाडी कुठे आहे ते दूरवर कळवणारा जीपीएस. वर फक्त प्लास्टिक, म्हणजे आकाशाकडे तोंड मोकळं. लाल वायर कायम पॉझिटिव्हला, काळी बॉडीला, आणि इग्निशनची तिसरी वायरही त्या लाल वायरलाच पिळून जोडलेली. बॅटरी उतरण्याचं कारण ही तिसरी वायर. डब्याला गाडी सदा चालूच वाटते, त्यामुळे तो कधी झोपत नाही. बसवणाऱ्याने पाच मिनिटं वाचवली नसती तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

डबा उपटून फेकावा हीच पहिली इच्छा होते. ती आवरली, आणि ते बरंच झालं. एक तर बहुतेक जीपीएसच्या पोटात छोटी बॅटरी असते. वायर तुटली की ते पाहणाऱ्याला वीज तोडल्याचा संदेश पाठवतात. दुसरं, चौथी वायर एका रिलेकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचकडे, गेली होती आणि रिले इंधनपंपाच्या लाइनमध्ये होता. म्हणजे दूर बसून गाडी बंद पाडण्याची सोय. पंपाची वायर कापून ती रिलेच्या ३० आणि ८७ए या पायांतून नेलेली असते. डबा काढला तर गाडी चालते, पण रिलेही उपटला तर पंपाची वायर तुटलेलीच राहते आणि गाडी जागची हलत नाही. तिसरं, एकदा उपटलेला डबा हा पुरावा म्हणून लंगडा. तो याच गाडीतून निघाला, हे मग कशावरून सिद्ध करणार?

आम्हाला कुणाची धमकी नव्हती, कुणाशी वैर नव्हतं, म्हणून चार दिवस तो चालू ठेवणं परवडलं. कुणी मागावर असल्याचा जराही संशय असेल तर गाडी घरी न नेता थेट पोलीस ठाण्यात न्यावी, किंवा ११२ लावावा. ऑनलाइन मिळणारे जीपीएस ब्लॉकर आणि जॅमर मात्र घेऊ नयेत. सरकारी परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदा आहे, आणि तक्रारदार स्वतःच अडचणीत येतो.

आता मूळ प्रश्न: हे बेकायदा आहे का? सगळे हाच प्रश्न विचारतात आणि उत्तर एका कलमात मिळत नाही. कुणाच्या गाडीला, कुणाच्या संमतीने आणि कोणत्या तारखेला, यावर ते ठरतं. स्वतःच्या गाडीला जीपीएस लावणं कायदेशीर आहे. फायनान्स कंपनी कर्जाच्या करारात कलम घालून लावू शकते. पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाडीला तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५एच नुसार एआयएस १४० या मानकाचं, गाडीचं ठिकाण कळवणारं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे, ते काढणं हीच चूक ठरेल. पूर्वी टुरिस्ट टॅक्सी असलेली गाडी खासगी करून विकली असेल तर हे यंत्र आत राहिलेलं असू शकतं, म्हणून आरसीवरचा इतिहास आधी पाहावा.

आमच्या आरसीवर बोजा नव्हता. आधीच्या मालकाचं कर्ज फिटून फॉर्म ३५ ने बोजा उतरल्याची नोंद होती. त्यामुळे फायनान्स कंपनीचा हक्क असता तरी तो तिथेच संपला. राहिले दोघं, आधीचा मालक आणि मधला विक्रेता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण आमच्या कामाला त्याहून जास्त आली डिलिव्हरी नोट, कारण तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहिलेली होती. त्या घटकेनंतर गाडी कुठे गेली हे पाहण्याची संमती आम्ही कुणालाही दिलेली नव्हती. पुढचा सगळा पत्रव्यवहार याच एका वाक्यावर उभा केला.

कलमांची छाननी एका वकील मैत्रिणीबरोबर बसून केली. भारतीय न्याय संहितेतलं पाठलागाचं कलम ७८ वाचताना वाटतं तितकं रुंद नाही. ते स्त्रीला संरक्षण देतं. पुरुषाने स्त्रीचा नकार स्पष्ट असतानाही तिच्या मागे जाणं आणि संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल अशा इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणं, हे त्यात येतं. नुसता गाडीत डबा सापडणं त्यात अलगद बसत नाही. पण कुणी मागे येतंय, फोन करतंय, आणि गाडीत डबाही आहे, तर तोच डबा पाठलागाचा भक्कम पुरावा ठरतो. नवरा किंवा सासरचे नजर ठेवत असतील तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा जास्त उपयोगी, कारण त्यात दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळतो. वायर कापून नुकसान केलं तर न्याय संहितेचं कलम ३२४, आगळीक; पण किरकोळ नुकसानीत ते अदखलपात्र. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लावायची तर संगणक यंत्रणेत शिरकाव दाखवावा लागतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडण्याच्या खाचेत, खोचलेल्या यंत्राबाबत तसा युक्तिवाद करता येईल, आमच्यासारख्या फक्त वीज घेणाऱ्या डब्याबाबत अवघड.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामिनावरच्या आरोपीलाही गूगल मॅपवरचं आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवायला लावणारी अट रद्द केली. विक्रेत्याला लिहिलेल्या पत्रात याचा उल्लेख केला, कारण त्याने मुद्द्याला वजन येतं. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावायचा असतो, त्याच्या जोरावर विक्रेत्यावर गुन्हा दाखल होत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि माहितीची प्रत मागण्याचा व ती पुसून घेण्याचा हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू. शिवाय व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर आहे.

म्हणून सगळं लक्ष पुराव्यावर दिलं. पॅनेल उघडण्यापासून एकच सलग व्हिडिओ घेतला. आधी नंबरप्लेट, मग चासी नंबर, मग डबा, मग त्यावरचा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, मध्ये कुठेही न थांबता. सिमचं झाकण उघडून त्यावरचा लांब क्रमांक टिपला. भारतीय सिमवर तो ८९९१ ने सुरू होतो. सिम आपल्या फोनमध्ये घालून पाहायचं नाही. यंत्रांसाठीच्या सिमचा नंबर १३ अंकी असतो, त्यामुळे तो मोबाइल नंबरासारखा दिसला नाही तर गोंधळू नये. सिम कुणाच्या नावावर आहे हे कंपनीच्या दुकानात विचारून उपयोग नाही. ती माहिती पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवू शकतात.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, ही चूक हमखास होते. तिथे फाइल दाबून लहान होते आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा क्रमांक, बदलतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. भाग अ आपण भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. केबलने फाइल संगणकावर घेतली, एसएचए २५६ हॅश काढला, कागदावर लिहिला, आणि सोसायटीतल्या दोघांच्या तारखेनिशी सह्या घेतल्या.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं, "गाडी तुमची आहे ना, मग काढून टाका की." यावर वाद न घालता दीड पानी अर्ज पुढे केला. त्यात कलमाचा आग्रह धरला नव्हता. डिलिव्हरीची तारीख आणि वेळ, यंत्र सापडल्याची तारीख, आयएमईआय, सिम क्रमांक, इंधनपंपावरचा रिले, आणि तीन मागण्या: यंत्राची पाहणी करून नोंद घ्यावी, सिमधारक शोधावा, विक्रेत्याकडे चौकशी करावी. चालत्या गाडीचं इंजिन हायवेवर दुरून बंद पाडता येतं, हे वाचल्यावर अंमलदारांचा सूर बदलला. अर्ज चौकशीवर गेला आणि आवक क्रमांकासह पोच मिळाली. ही पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये. दखलपात्र गुन्हा दिसत असूनही नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे टपालाने पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

त्याच दिवशी विक्रेत्याला रजिस्टर्ड पत्र गेलं. यंत्र कधी बसवलं, लॉगिन कुणाकुणाकडे आहे, शेवटचं लॉगिन कधी झालं, आणि डिलिव्हरीनंतरच्या सगळ्या नोंदींची प्रत. आधी प्रत, मग खातं बंद, मग नोंदी पुसल्याचं लेखी पत्र, असा क्रम मुद्दाम लिहिला. "पुसून टाका" असं आधी लिहिलं असतं तर पुरावाही त्याबरोबर गेला असता.

पोलिसांचा फोन गेल्यावर नऊ दिवसांत उत्तर आलं. टेस्ट ड्राइव्हला गेलेली गाडी परत यावी म्हणून सगळ्या गाड्यांना जीपीएस लावतो, हा काढायचा राहून गेला, असं त्यात होतं. सोबत अकरा आठवड्यांचे थांबे, छापून. आमच्या गेटसमोर रात्रीचा मुक्काम, दररोज. बायकोच्या ऑफिसचं पार्किंग. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सदाशिव पेठ, ५.४० ते ७.०५, म्हणजे मुलीचा गायनाचा क्लास. बायकोने तो कागद दोनदा वाचला आणि पालथा ठेवला. लॉगिनच्या यादीत डिलिव्हरीनंतरच्या तीन नोंदी होत्या. त्या कुणाच्या, याचं उत्तर अजून चौकशीत आहे.

डबा पोलिसांच्या पाहणीनंतर काढला. पंपाची कापलेली वायर सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवली. पिळून टेप लावलेला जोड गरम होतो आणि खड्ड्यात कधीतरी सुटतो. पुन्हा मोजलं, २८ मिलिअँपिअर. बॅटरी आणि वायरिंगचा खर्च विक्रेत्याने दिला.

याच निमित्ताने माहिती बाहेर जाण्याची बाकीची दारंही तपासली. आधीच्या मालकाचा फास्टॅग काचेवर तसाच होता. तो चालू असता तर खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्याचा एसएमएस वेळेसकट त्याला गेला असता. बंद करून आपल्या नावाचा घेतला. कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटला जोडलेली गाडी असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात आरसी दाखवून जुन्या मालकाचं ॲप तोडून घ्यावं, नुसतं स्क्रीन रीसेट केल्याने खातं सुटेलच असं नाही. चाव्यांना लावतात त्या छोट्या ब्लूटूथ टॅगसाठी आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही आता अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा देतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये हाताने स्कॅनही करता येतं. ते बसस्टॉपवर नाही तर मोकळ्या मैदानात करावं, म्हणजे शेजाऱ्याच्या चाव्या यादीत येत नाहीत.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. लॉगिनच्या त्या तीन नोंदींचा उलगडा होईपर्यंत रिले, थांब्यांचे कागद आणि सह्या केलेला हॅशचा कागद कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे.